भुशाची रेघ

लिपनिकहून ब्रेस्त्येला डोंगराच्या धारेने गेलं तर चाळीस मिनिटं लागतात. त्सिरिलने झाडांवर रंगवलेल्या खुणा बघत गेलं तर सव्वा तास लागतो, बूट चिखलाने भरतात आणि ओढ्यापाशी माणूस एकदा तरी कोणाच्या तरी नावाने बोटं मोडतो. आमच्या हालोझेच्या टेकड्यांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते ल्युब्लियानाहून पाठीवर पिशव्या अडकवून येणाऱ्यांना. ते बिचारे झाडावरचा पांढरा ठिपका आणि त्याभोवतीचं लाल कडं बघतात आणि मोठ्या श्रद्धेने ओढ्यात उतरतात.

हा फेरा का, तर फेलिक्समुळे. लिपनिक सोडून पाव तास चाललं की धारेवर एक अक्रोड लागतो. सरळ वाट तिथून फेलिक्सच्या द्राक्षमळ्यातून, त्याच्या अंगणाला लागून, पुढे ब्रेस्त्येच्या चर्चकडे जाते. अक्रोडावरचा त्सिरिलचा बाण मात्र उजवीकडे खाली बोट दाखवतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी डोंगरवाटा राखणाऱ्या आमच्या गिरिमंडळाने त्याच्या हाती ब्रश दिला तेव्हा पहिली खूण त्याने हीच रंगवली. सभेत कोणीतरी विचारलं, खालून कशाला? तर म्हणाला, खालून देखावा चांगला दिसतो. ओढ्यातून देखावा म्हणजे दोन्हीकडे पिवळ्या मातीची भिंत आणि वर हातभर आभाळ. मंडळानेही तिथे एक बाक बसवून दिला. त्या बाकावर बेडकाशिवाय कोणी बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

फेलिक्सने त्याचं काय घोडं मारलं होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. छत्तीस वर्षांपूर्वी लिपनिकच्या त्सिरिलचं लग्न ब्रेस्त्येच्या झोफ्काशी ठरलं. आता आमच्याकडची रीत अशी, की नवरी आधी दुसऱ्या कोणाबरोबर फिरत होती असं गावातल्या पोरांना माहीत असलं, की लग्नाच्या आदल्या रात्री ती पोरं त्या दुसऱ्याच्या दारापासून नवरीच्या दारापर्यंत भुशाची रेघ ओढतात. सकाळी नवऱ्याने वऱ्हाडासकट ती तुडवत जायचं, वर हसायचं आणि पोरांना वाइन पाजायची. बहुतेक नवरे हसतात. माझ्या लग्नात तर दोन रेघा होत्या, आणि मीही हसलो.

त्सिरिल तेव्हा लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. लग्नाच्या तीन दिवस आधी गावातली चार पोरं चार रिकामी पोती घेऊन त्याच्याकडे आली. म्हणाली, गोठ्यात पसरायला भुसा पाहिजे. त्सिरिल खुशीत होता. त्याने स्वतः फावडं घेतलं, पोती दाबून दाबून भरली आणि शेवटचं पोतं एकाच्या पाठीवर चढवूनही दिलं. लग्नाच्या सकाळी वऱ्हाड अकॉर्डियन वाजवत धारेने निघालं, फेलिक्सच्या फाटकापाशी आलं, आणि तिथून रेघ सुरू झाली. बीच झाडाच्या लाकडाचा तांबूस, ताजा भुसा, वीतभर रुंद, मध्ये कुठे तुटलेली म्हणून नाही. आपल्या हाताने भरून दिलेला भुसा त्याने लगेच ओळखला. पंचवीस मिनिटं तो नव्या काळ्या बुटांनी त्या रेघेवरून चालला आणि मागे वऱ्हाड खिदळत होतं. रेघ झोफ्काच्या बापाच्या उंबऱ्यापाशी संपली.

त्या दिवशी जे त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही. फेलिक्सच्या वाइनला जत्रेत पहिला नंबर मिळाला, तर त्सिरिलने वर्षभर फक्त बिअर घेतली. फेलिक्सने घराला नवी कौलं घातली, तर हा म्हणाला, लाल रंग फार भडक आहे. दोन वर्षांपूर्वी फेलिक्सची बायको मार्येता गेली तेव्हा सगळा गाव रडत होता आणि हा झोफ्का कुणीकडे बघते तेवढंच बघत होता. आता तर तो मोकळाच झाला, असं त्याच्या मनात आलं. कबरीपाशी उभं राहून असं मनात येतं याची त्याला लाज वाटली, पण आलं ते आलंच. आणि इतक्या वर्षांत त्याने झोफ्काला एकदाही विचारलं नाही. उत्तर रोज समोर बसून सूप पीत होतं, आणि हा आपला ओढ्याला वळसे घालत बसला होता.

यंदा मार्चच्या पावसात ओढ्याकडची उतरण खचली. बाक, सात खुणा आणि चार झाडं एका सकाळी खाली गेली. गिरिमंडळाची अध्यक्ष तादेया शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे तिला नकाशा वाचता येतो. ती दुसऱ्याच दिवशी त्सिरिलच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"त्सिरिलकाका, मेच्या पहिल्या रविवारी दोनशे माणसं चालायला येणार आहेत. त्यांना कुठून न्यायचं?"

"उतरण दुरुस्त करू."

"कोणी? बेडकांनी?"

चुलीपाशी उभ्या असलेल्या झोफ्काने तोंड फिरवून घेतलं. त्सिरिलला तिची पाठ हसताना दिसली.

"धारेने नेऊ," तादेया म्हणाली. "वाट तर आहेच. फक्त खुणा पाहिजेत आणि जमीनमालकाची सही."

"धारेवर वारा फार लागतो."

"लोक वारा खायलाच येतात, काका."

"मग सही आणायला दुसऱ्या कोणाला पाठव."

"ज्याची वाट त्यानेच विचारायचं, हा तुम्हीच सभेत पास करून घेतलेला नियम आहे." मग तिने आवाज मऊ केला. "हे बघा, तुम्हाला जमणार नसेल तर मोकळेपणी सांगा. ब्रेस्त्येचा ब्लाझ कधीपासून मागे लागलाय. ब्रश त्याला देते. तुम्ही खूप केलंत."

'तुम्ही खूप केलंत' हे कानाला आहेर वाटतं, पण असतो तो नारळ. त्सिरिलला ते कळलं. गिरणी सुटल्यापासून त्याच्याकडे त्या ब्रशाशिवाय दुसरं होतं काय? एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तारेच्या ब्रशाने साल घासायची, झोफ्काने पांढऱ्याचा डबा धरायचा, त्याने ठिपका काढायचा, तो वाळेपर्यंत दोघांनी डबा उघडून भाकरी आणि डुकराचं थंड मांस खायचं, मग लाल कडं. वर्षातले हे चार रविवार त्याला सगळ्यांत आवडायचे. ब्रश गेला म्हणजे ते रविवारही ब्लाझचे.

"जा की," तादेया गेल्यावर झोफ्का म्हणाली. "तो काय खातो की काय तुला?"

"तो" हा शब्द तिने कसा उच्चारला, ते त्सिरिल रात्रीच्या जेवणापर्यंत मनात घोळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो गेला. फेलिक्स मळ्यात विलोच्या ओल्या काड्यांनी वेली तारेला बांधत होता. सहासष्ट वर्षांचा गडी, पण कण्यात वाक नाही आणि डोक्यावर केस सगळेच्या सगळे. या वयात एवढे केस असणं त्सिरिलला निव्वळ निर्लज्जपणा वाटायचा.

"कोण, त्सिरिल?" फेलिक्सने हातातली काडी दातात धरली. "वाट चुकलास की काय?"

"सही पाहिजे. वाट इथून न्यायची म्हणतात. मी म्हणत नाही, मंडळ म्हणतं."

"अरे मग दे ना कागद." त्याने तो गुडघ्यावर ठेवून न वाचताच सही केली. "खुणा हव्या तिथे काढ. नाशपातीवर काढ, फाटकाच्या खांबावर काढ. कुत्र्यावर तेवढी नको, तो म्हातारा झालाय."

त्सिरिलला हसू येत होतं, ते त्याने दाबलं. ज्याच्यावर जळायचं त्याच्या विनोदाला हसणं म्हणजे हार. कागद घडी करून खिशात टाकला आणि तो वळला, तेवढ्यात फेलिक्स मागून म्हणाला, "आणि हो, पुढच्या चरावरची फळी बघून ठेव जरा. अकरा वर्षं झाली तिला. दोनशे माणसं जायची म्हणजे कुजलेली नको."

"कसली फळी?"

"झोफ्कासाठी टाकली होती ती. तिची आई अंथरुणाला होती नाही का, त्या साली. रोज जायची ना ती इथून. पावसात तो चर उडी मारून ओलांडायची. एकदा गुडघ्यावर पडली, मग मी टाकली फळी."

त्सिरिल पुन्हा वळला. "रोज," तो म्हणाला.

"ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत. सकाळी जायची, तीनच्या सुमारास परत. तुला माहीतच असेल."

"असणारच," त्सिरिल म्हणाला. "बायको माझी आहे."

त्याला काही माहीत नव्हतं. त्या साली तो पहाटे साडेपाचला गिरणीत जायचा आणि झोफ्का म्हणायची, मी सातच्या बसने आईकडे जाईन. संध्याकाळी तो विचारायचा, बस वेळेवर होती का? ती म्हणायची, होती. तीन महिने ती रोज 'होती' म्हणत होती.

चरापाशी जाऊन त्याने फळी बघितली. आयुष्य लाकडात गेलेल्या माणसाला फळी नुसती फळी दिसत नाही. चेस्टनटची होती, म्हणजे पाण्यात न कुजणारी. वरून रंधा मारलेला. कडा गोल केलेल्या. पाय घसरू नये म्हणून हातहातभर अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि खिळ्यांची डोकी आत बसवलेली. चरावर टाकायच्या फळीचं एवढं काम कोणी करत नाही. त्सिरिलने तिला बुटाने एक लाथ घातली. फळी हललीसुद्धा नाही, त्याचाच अंगठा दुखावला.

तो घरी आला तेव्हा झोफ्का अंगणात स्टुलावर बसून लावणीसाठी बटाटे कापत होती. प्रत्येक फोडीला एक डोळा राहील असं ती बघायची.

"बस किती वाजता सुटायची?" त्सिरिल म्हणाला.

"कुठली बस?"

"तुझी आई आजारी होती त्या सालची."

तिची सुरी थांबली. मग तिने हातातला बटाटा कापून पुरा केला आणि सुरी बादलीच्या काठावर ठेवली. "कोण म्हणालं?"

"फळी म्हणाली."

"फळीला बोलता येतं?"

"त्या फळीला येतं. रंधा मारलाय तिला."

झोफ्काने एप्रनला हात पुसले. ती घाबरलेली नव्हती, आणि तेच त्सिरिलला जास्त झोंबलं. "हो, गेले," ती म्हणाली. "धारेने गेले, रोज. त्या पावसात तुझी ओढ्याची वाट पाण्याखाली. बस मोठ्या रस्त्याने फिरून नऊला पोचायची आणि परतीची साडेअकराला. म्हणजे आईपाशी अडीच तास. धारेने गेलं की सात तास मिळायचे. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

"मला सांगितलं असतं."

"कोणाला, तुला? तू आठ दिवस ताटाकडे पाठ करून बसला असतास. माझी आई मरत होती त्सिरिल. नवऱ्याचा रुसवा काढायला मला तेव्हा वेळ नव्हता."

"घरात जायचीस त्याच्या?"

"नाही."

"थांबायचीस?"

"फाटकापाशी, उभ्याउभ्या. आई कशी आहे विचारायचा, मी सांगायचे. कधी तो असायचा, कधी मार्येता."

"कॉफी-बिफी?"

"नाही म्हटलं ना."

अंगणात कोंबड्या बटाट्याच्या साली उकरत होत्या. त्सिरिलने एक कोंबडी पायाने बाजूला केली, आणि मग जे छत्तीस वर्षं घशात अडकलं होतं ते बाहेर आलं. "आणि लग्नाआधी?"

झोफ्काने त्याच्याकडे असं बघितलं, जणू पाहुणा येणार येणार म्हणून वाट बघून ती झोपून गेली होती आणि आत्ता दार वाजलं. "लग्नाआधी दोन वर्षं," ती म्हणाली. "पोरांनी रेघ बरोबर ओढली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तुलाही. मग मी तुला निवडलं. का, ते आज विचारू नकोस, आज सांगायची इच्छा नाही."

त्सिरिल खाली जमिनीकडे बघू लागला.

"त्या सकाळी मी खिडकीत उभी होते. तू चढावरून येताना दिसलास. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं आणि नवरा खाली भुशाकडे. अजून तिकडेच बघतोयस." तिने एप्रन झटकला. "मी जन्मात कोणापासून काही लपवलं नाही. स्वतःच्या आईला भेटायला मात्र चोरासारखी गेले. येताना बूट पुसायचे, मोजे धुवायचे, का, तर धारेवरची माती पिवळी नाही, काळी आहे, आणि ती तुला ओळखू येईल. हे तू मला करायला लावलंस. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही."

तिने सुरी उचलली आणि पुढचा बटाटा घेतला. "उद्या मी ब्रेस्त्येला बहिणीकडे जातेय. धारेने, दिवसाढवळ्या. पांढरा डबा मी घेईन. लाल तुला घ्यायचा तर घे. नाहीतर ब्लाझ आहेच."

त्सिरिल गोठ्यामागे जाऊन लाकडं फोडत बसला. बायकोने सांगितलेलं खरं होतं हे त्याला कळत होतं, आणि ती बूट पुसते आहे हे डोळ्यांपुढे आलं की त्याला मान वर करवत नव्हती. पण संशय हा असा सोयरा आहे, की हाकलला तरी उंबऱ्यावर बसून राहतो. जी बाई तीन महिने 'बस वेळेवर होती' म्हणू शकते, तिचं 'घरात गेले नाही' हे तरी खरं कशावरून? रविवार सोडले तरी बहात्तर-पंचाहत्तर दिवस पाऊस, बर्फ, थंडी. एका तरी दिवशी त्याने आत ये म्हटलं नसेल? ती गेली नसेल? हे एकदा कळलं असतं तर बाकी सगळं तो गिळायला तयार होता. पण ते सांगणारं तिसरं माणूस मार्येता, आणि ती चर्चमागे पुरलेली.

सकाळी त्याने लाल डबा घेतला. अक्रोडापाशी आधी जुना बाण खरवडावा लागला. अठ्ठावीस वर्षांत त्याच्यावर त्याने रंगाचे इतके थर चढवले होते की तो पापुद्र्यांनी निघेना. घासून घासून हात भरून आले. उरला तो तपकिरी रंगाने झाकला आणि सरळ वाटेकडे तोंड करून नवी खूण काढली. झोफ्का डबा धरून उभी होती. "कडं वाकडं आलंय," ती म्हणाली. एरवी त्याने पुसून पुन्हा काढलं असतं. आज तसंच ठेवलं.

मळ्याच्या कडेला दोन, नाशपातीवर एक, आणि मग फाटकाचा खांब. ते पांढरा ठिपका वाळायची वाट बघत होते तोच फेलिक्स दारात आला. "कॉफी टाकलीय. या दोघं."

"कामात आहोत," असं त्सिरिलच्या ओठांवर आलं होतं. त्याआधी झोफ्का म्हणाली, "टाक. माझे गुडघे दुखतायत."

मग त्सिरिलने काय काय बघितलं ते विचारू नका. कुत्रा तिच्या अंगावर भुंकला, हे त्याने बघितलं आणि त्याला बरं वाटलं. मग तो त्याच्याही अंगावर भुंकला, आणि पुरावा वाया गेला. ती दाराकडे वळताना पायरीला अडखळली, तेही बघितलं. "हात कुठे धुऊ?" असं तिने विचारलं, तर याच्या मनात आलं, नळ माहीत असूनही मुद्दाम विचारलं असेल. फेलिक्सने तिच्यासाठी खुर्ची ओढली ती खिडकीपाशी का ओढली? भिंतीवर मार्येताचा फोटो होता. झोफ्काने त्याच्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मग ती घराकडे अशी बघू लागली जशी पाहुणी बघते. की तसं दाखवत होती? त्सिरिलला स्वतःचा वीट आला होता, तरी डोळे थांबेनात.

फेलिक्सने तीन कप आणले आणि साखरेचं भांडं. त्सिरिलचा कप त्याच्यापुढे ठेवला, आपला आपल्यापुढे. तिसऱ्या कपात मात्र त्याने कोणाला न विचारता साखर घातली. दोन चमचे, शीग लावून. सावकाश ढवळली आणि कप झोफ्कापुढे सरकवला.

त्सिरिलच्या अंगाची आग झाली. न विचारता. दुसऱ्याच्या बायकोच्या कपात किती साखर लागते हे ज्याला विचारावं लागत नाही, त्याने ती साखर कितीदा घातली असेल? झालं, मिळालं उत्तर. उठावं, लाल डबा याच्या पांढऱ्या भिंतीवर फेकावा आणि चालू लागावं, असं त्याला वाटलं. त्याचा हात डब्याच्या कडीकडे गेलासुद्धा.

झोफ्काने कप तोंडाला लावला. एक घोट घेतला. तिचं तोंड किंचित वाकडं झालं, आणि ते दिसू नये म्हणून तिने लगेच हातरुमाल ओठांवर धरला. "छान आहे," ती म्हणाली.

त्सिरिल तिच्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला मधुमेह सांगितला, त्या दिवसापासून तिने कॉफीत साखर घातली नव्हती. नाताळातही नाही, बहिणीच्या घरी भिडेखातरही नाही. आई आजारी पडली त्याच्याही आठ वर्षं आधी. या टेबलाशी त्या तीन महिन्यांत ती एकदा जरी बसली असती, तर फेलिक्सला हे कळलं असतं. त्याला कळलं नव्हतं. दोन चमचे साखर घेणारी झोफ्का म्हणजे लग्नाआधीची, बावीस वर्षांची. फेलिक्सजवळ तेवढीच होती, आणि ती त्याने अजून जपून ठेवली होती.

कडीवरचा हात त्सिरिलने काढून घेतला. त्याने आपला बिनसाखरेचा कप उचलून झोफ्कापुढे ठेवला आणि तिचा आपल्याकडे ओढला.

"ती साखर घेत नाही," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली."

फेलिक्सने चमच्याकडे बघितलं, मग झोफ्काकडे. "असं होय," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार."

हे म्हणताना त्सिरिलला एवढा आनंद झाला की त्याची त्यालाच शरम वाटली. समोर एक एकटा माणूस भांड्यावर झाकण ठेवत होता, शेजारी बायको दुखरे गुडघे चोळत होती, आणि जे त्याला आत्ता कळलं होतं ते तिने काल एका शब्दात सांगितलं होतं. त्सिरिलला गोड कॉफी मुळीच सोसत नाही. तो कप त्याने तळापर्यंत प्याला.